मठाच्या खुंटीवरचा निळा परकर

मित्रांनो, मी एक जुना परकर आहे. हसा, हसून घ्या. माझ्यावर हसण्याचा मान आधीच निम्म्या जगाने घेतला आहे, त्यात तुमची थोडी भर. पण मी कुणा एकीचा परकर नव्हतो. एजियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावर, डोंगराच्या माथ्यावर, पनायियाचा म्हणजे देवमातेचा मठ आहे. त्या मठाच्या दारातल्या खुंटीवर मी सव्वीस वर्षे लटकलो.

जन्माने मी पडदा. मठात पाहुण्यांची एक खोली आहे, तिच्या समुद्राकडच्या खिडकीला मी होतो. गडद निळा, जाड सुती. उन्हाने माझी एक कड विटली तेव्हा थेक्ला नावाच्या म्हाताऱ्या ननने मला उतरवले, पायाच्या मशीनवर बसून दोन पडद्यांचे नऊ परकर शिवले आणि प्रत्येकात पांढरी नाडी ओवली. शिवताना ती सारखी पुटपुटत होती. मला वाटले प्रार्थना करते आहे. नंतर कळले, मशीनच्या सुईला शिव्या देत होती.

आमच्या मठात बायकांना पँट घालून आत जाता येत नाही, आणि पुरुषांना उघड्या पोटऱ्यांनी. उन्हाळ्यात खाली बंदरात पांढरी प्रवासी जहाजे थांबत. लहान होड्यांतून माणसे किनाऱ्याला लागत, बसमधून वर येत आणि दारात अडकत. दाराशी किरा-मारूसो, म्हणजे मारूसोबाई, बसलेली असे. मेणबत्त्या विकणारी, परकर वाटणारी, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. ताडमाड उंचीच्या एका पाहुण्याच्या केसाळ पायांकडे बघून ती म्हणाली होती, "झाक रे बाबा ते! पनायियाने तुझं काय घोडं मारलंय?" त्याला एक अक्षर कळले नाही, पण त्याने मला मुकाट्याने नेसले. फोटो काढून घेतला, मित्रांना दाखवला, खूप हसला. अशा किती फोटोंत मी आहे कोण जाणे. फोटो जपून ठेवले असतील, मला मात्र बाहेर पडल्या पडल्या बोळा करून स्टुलावर टाकत. माझे आठ भाऊ असेच फाटत फाटत फरशी पुसण्याला लागले.

तरी मी कामाला चिकटून होतो, त्याला एक कारण होते. माणूस तोंडाने काहीही बोलो, कमरेला बांधलेल्या कापडाला खरे कळते. पोटात गोळा आला की नाडी ताणली जाते. गुडघे कापले की घेर हलतो. हसत आत गेलेल्या किती जणी आत काय घेऊन गेल्या, ते मला ठाऊक आहे. त्यांतल्याच एकीची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

तो ईस्टरनंतर येणाऱ्या पेन्तेकॉस्त सणाच्या आधीचा शनिवार होता. आमच्याकडे त्याला आत्म्यांचा शनिवार म्हणतात. त्या दिवशी घरोघरच्या बायका उकडलेल्या गव्हाची ताटे घेऊन येतात. त्यात बेदाणे, डाळिंबाचे दाणे, वर पिठीसाखर. पाद्री गहू आशीर्वादतो आणि चिठ्ठ्यांवर लिहून आलेली मेलेल्यांची नावे मोठ्याने वाचतो. नुसती नावे. आडनाव लागत नाही, देव ओळखतो.

दहाच्या सुमारास जहाजाच्या प्रवाशांना आणणाऱ्या बसमधून एक जोडपे उतरले. व्होलोस गावचे. तो पांदेलिस, बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेला. ती एवान्थिया, त्याची बायको, डोक्यावर नवी कोरी गवती टोपी, अंगात पांढरी पँट.

"पँट चालायची नाही, पोरी. हा घे, नेस," किरा-मारूसोने मला पुढे केले.

"पोरी काय म्हणतेस, किरा! चौसष्ट संपली मला."

"मला ब्याऐंशी आहेत. मग पोरगीच की तू."

एवान्थिया हसली, मला नेसली आणि नवऱ्यासमोर एक गिरकी घेतली. "बघ रे, पुन्हा नवरी झाले. रोड्सला टोपी घेतलीस, लार्नाकाला लेस घेतलीस, आणि इथे परकर! चाळीस वर्षं झाली लग्नाला, किरा. व्होलोसच्या बाहेर कधी नेलं नाही या माणसाने. आणि आता एकदम आठ दिवसांची समुद्राची सहल! मी म्हटलं, डॉक्टरने आणखी काही सांगितलं की काय याला?"

पांदेलिस हसला नाही. तो टेबलावरच्या कागदांकडे बघत होता.

टेबलावर दोन गठ्ठे असत. लाल अक्षरांचा गठ्ठा जिवंत माणसांच्या नावांसाठी, त्यांच्या आरोग्याची प्रार्थना व्हावी म्हणून. काळ्या क्रॉसचा गठ्ठा गेलेल्यांसाठी. एवान्थियाने लाल अक्षरांचा कागद ओढला आणि सगळ्यांत वर लिहिले, अर्गिरिस.

"मुलगा माझा," ती किराला म्हणाली. "मालवाहू जहाजावर होता. सहा वर्षांपूर्वी ते बुडालं, तिकडे मोठ्या समुद्रात. अकरा जण मिळाले, तिघे नाही मिळाले. नाही मिळाले म्हणजे काय मेले? प्रत्येक बंदरावर त्याचं नाव लिहिते आहे मी. लार्नाकाला लाझारच्या चर्चमध्ये गेले. तो तर चार दिवसांचा मेलेला, येशूच्या एका हाकेने उठून बसला. माझा नुसता हरवलाय. देवाला काय अवघड आहे त्यात?"

किरा-मारूसोने तो कागद घेऊन इतर लाल कागदांवर ठेवला.

एवान्थिया मग दाराच्या काचेत स्वतःला न्याहाळायला वळली. टोपी काढावी की राहू द्यावी, असे काहीतरी तिचे चालले होते. तिची टेबलाकडे पाठ होती, पण परकराला पाठ नसते. मी पाहिले. पांदेलिसने काळ्या क्रॉसचा एक कागद हळूच उचलला. त्याच्या जाड बोटांत पेन धड बसत नव्हते. त्याने एकच नाव लिहिले, कागदाची घडी घातली आणि किराच्या हातात दिली. किराने उघडून वाचले आणि त्याच्याकडे पाहिले. त्याने ओठांवर बोट ठेवले.

मी कापड होतो, काय करणार? ओरडता आले असते तर ओरडलो असतो. काय ओरडलो असतो, ते मात्र आजही मला सांगता येत नाही.

आत गर्दी होती. ताटांची रांग आणि गव्हातल्या मेणबत्त्या दिसताच एवान्थियाची पावले थांबली.

"पांदेलिस, आज कुठला वार?"

"शनिवार."

"कुठला शनिवार?"

सहलीवर माणूस तारखा विसरतो. ती विसरली होती, तो विसरला नव्हता. ती मागे वळली, पण दार माणसांनी भरले होते आणि पाद्री पापा-स्तेफानिस यांनी वाचायला सुरुवात केली होती. कातेरिना. योर्गिस. दिमित्रा. नावे एकामागून एक येत होती आणि कुठे कुणी हळूच छातीवर क्रॉस करत होते. माझी नाडी घट्ट होत गेली. तिने माझा घेर दोन्ही मुठींत धरला होता.

"अर्गिरिस," पापा-स्तेफानिस म्हणाले, आणि पुढच्या नावाला गेले.

ती रडली नाही. माझा घेर तेवढा तिच्या मुठींतून सुटला. पांदेलिसने तिचा दंड धरला, तो तिने झटकला आणि माणसांना कोपराने ढकलत ती अंगणात आली. अंगणात तुतीचे झाड आहे, त्याखालच्या बाकावर बसली.

"दुसऱ्या कुणाचा तरी असेल," ती म्हणाली. "जगात काय एकच अर्गिरिस आहे?"

पांदेलिस समोर उभा राहिला. 'असेल' म्हणाला असता तर निभावले असते. परतीच्या प्रवासात आणखी एक टोपी घेऊन दिली असती आणि दोघे घरी गेले असते. मला वाटले, तो 'असेल' म्हणणार.

"आपलाच आहे," तो म्हणाला. "मी लिहिला."

"मारलास त्याला."

"एवान्थिया..."

"सहा वर्षं मी त्याला जिवंत ठेवला, आणि तू एका कागदाने मारलास! आणि ही सहल? म्हणून आणलंस होय मला? अरे, मला वाटलं तू मला फिरवायला आणलंस. सगळ्या गल्लीला सांगून आले मी!"

"फिरवायला पण आणलं," तो म्हणाला. "व्होलोसला केलं असतं तर पाद्रीच्या आधी शेजारणीने तुला सांगितलं असतं. अगं, दर वर्षी आज सगळ्यांना हाक मारतात. आपला पोरगा तिकडे दाराशी उभा राहत असेल, माझं नाव येईल म्हणून. सहा वर्षं तसाच परत जात असेल. माझं काळीज बरं नाही, डॉक्टर काय म्हणाला ते तुला माहीत आहे. मी गेल्यावर त्याचं नाव कोण घेणार? तू तर घेणार नाहीस."

मित्रांनो, दोघांपैकी कुणाचे खरे, ते मला विचारू नका. ती चुकली होती असे मला वाटत नाही. त्याने फसवले हे खरे, पण सहा वर्षे रोज एक घास कमी खाणाऱ्या बापाने फसवले. मला दोघांचीही दया आली आणि माझ्या हातात काहीच नव्हते.

खाली जहाजाचा भोंगा वाजला. किरा-मारूसो कागदी पेल्यांत गहू भरून अंगणात वाटत होती. तिने एक पेला पांदेलिसला दिला, दुसरा एवान्थियापुढे धरला. "देव त्यांना क्षमा करो," ती म्हणाली. गहू देताना सगळेच असे म्हणतात. एवान्थियाने हात पुढे केला नाही. किरा पेला धरून तशीच उभी राहिली. बसवाला हाका मारू लागला, माणसे पळू लागली, किरा हलली नाही.

शेवटी एवान्थियाने पेला घेतला. एक चमचा गहू तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली.

"साखर कमी आहे," ती म्हणाली.

"कमी? सगळ्या बेटाने बोटं चाटली!" किरा फणकारली.

"माझ्या पोराला नसतं आवडलं. त्याला गोड मिट्ट लागायचं." तिने पेल्यातले गहू संपवले आणि पदराने पुसावे तसे माझ्या कडेने तोंड पुसले. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या वर्षी मी करीन. घरी."

पांदेलिस तिच्या शेजारी बसला आणि मोठ्याने रडला. क्रेन चालवणारा एवढा धिप्पाड माणूस.

त्या गडबडीत मला सोडायचे राहून गेले. बस चुकू नये म्हणून ती धावली, ती माझ्यासकट. होडीत बसल्यावर तिच्या लक्षात आले. व्होलोसला पोचल्यावर तिने मठात फोन केला, तर किरा-मारूसो म्हणाली, "ठेव पोरी. पण गरम पाण्यात घालू नकोस, रंग जातो."

पुढच्या वर्षी, आत्म्यांच्या शनिवारच्या आदल्या शुक्रवारी, तिने खरेच केले. गहू उकडले की ते स्वच्छ कापडावर पसरून कोरडे करावे लागतात. तिने माझी नाडी ओढून काढली, मला उसवले, धुतले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर अंथरले. पडदा, परकर आणि आता हे. ओले गहू माझ्यावर पडले तेव्हा ते अजून कोमट होते. पांदेलिस बाजूला बसून डाळिंब सोलत होता. "एवढी साखर?" तो म्हणाला. "तू गप्प बस," ती म्हणाली. चार वर्षे असेच चालले, आणि त्या शुक्रवारांसारखे चांगले दिवस मी मठातही पाहिले नव्हते.

या हिवाळ्यात पांदेलिस गेला.

परवाच्या शुक्रवारी तिने एकटीने गहू उकडले, एकटीने डाळिंब सोलले. मग काळ्या क्रॉसचा कागद घेऊन टेबलाशी बसली. अर्गिरिस लिहिले. त्याखाली पांदेलिस लिहिले.

"तुमची दोघांची सोय झाली," ती गव्हाकडे बघत म्हणाली. "माझं कोण लिहिणार?" आणि उठून भांडी घासायला गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगून सगळ्या जुन्या वस्तू निरोप घेतात. मी तसे सांगणार नाही. माझे सूत आता जागोजागी विरले आहे, आणखी एक-दोन खेपांना मी टिकेन, मग फाटेन. मला तोंड नाही, मला चिठ्ठी लिहिता येत नाही. तिला मात्र आता माझ्याशिवाय कुणी नाही. म्हणून तुम्हाला मागतो. आज नको, उद्या नको. ती अजून आहे, देव तिला आयुष्य देवो. पण तुम्ही खूप मोठे व्हाल, तेव्हा कधीतरी, जिथे असाल तिथे, एकदा तिचे नाव मोठ्याने घ्या. आडनाव लागत नाही. एवान्थिया.