सोडणाखालचं बिऱ्हाड

अकरा बिया होत्या. तेरेझाने त्या अकराच्या अकरा लावल्या आणि तिथेच तिची चूक झाली.

एरवी ती असं कधी करत नसे. तवशाचं, म्हणजे पावसाळी काकडीचं, बी ती राखेत घोळवून बाटलीत भरायची, मृग लागला की निम्मं पेरायची आणि निम्मं तसंच फळीवर ठेवायची. पण मागच्या वर्षी बियासाठी वेलीवर पिकवायला ठेवलेलं तवसं वांदरांनी ओरबाडलं. चिखलातून वेचून हाताला लागल्या त्या एवढ्याच बिया. अकरातल्या निम्म्या ठेवायच्या तर लावायच्या किती, असा विचार करून तिने बाटली पालथी केली.

हे बी तिचं नव्हतं. म्हणजे आता तिचंच होतं, पण आलं होतं परसाच्या दगडी गडग्यापलीकडच्या हौसाबाईकडून. तेरेझा लग्न होऊन या वाडीत आली त्या पावसात हौसाबाईने तिच्या ओंजळीत ते घातलं होतं. पुढे एका वर्षी खाडीचं पाणी हौसाबाईच्या मळ्यात शिरलं, तिचं सगळं बी कुजलं, आणि तेव्हापासून ते तवसं फक्त तेरेझाच्या परसात उरलं. पांढरट हिरवं, हातभर लांब, देठाकडेही कडू न लागणारं. दरवर्षी पहिलं तवसं हौसाबाईच्या घरी चवथीच्या माटवीला जायचं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला रानातली फळं, कवंडळं, सुपारीचे घोस बांधतात, त्यात मधोमध हे तवसं. दुसरं जायचं चर्चमध्ये, सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे देवमातेच्या सणाला, वेदीपुढे. तिसरं बियाला. बाकीची मग घरात.

यंदा पाऊस असा काही कोसळला की बियांभोवतीच्या आळ्यांतली माती वाहून जाऊ लागली. तेरेझाने उपाय केला. माडाखाली नारळाच्या सोडणांचा, सोललेल्या काथ्याच्या सालींचा, ढीग पडला होता, तो आणून तिने प्रत्येक आळ्याभोवती सोडणं दाट रचली. माती थांबली. सिप्रियनने, तिच्या नवऱ्याने, व्हरांड्यातून बघून मान डोलावली. तो एसटीत ड्रायव्हर होता. तळेऱ्याहून देवगडला गाडी नेण्यात त्याचा जन्म गेला, आणि आता निवृत्त झाल्यावर तो व्हरांड्यातूनच सगळं बघायचा.

"बरा केलंस," तो म्हणाला. "आता पाऊस काय करतलो?"

पावसाने काही केलं नाही. नऊ रोपं वर आली, दोन दोन पानं उघडून उभी राहिली. तिसऱ्या सकाळी तेरेझा गेली तर त्यातल्या चार रोपांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, आणि मातीवर पेज सांडून वाळावी तशा चकचकीत रेघा उमटल्या होत्या. एका काडीवर अजून एक जण जेवत होती. गोगलगाय, पण पाठीवर शंख नाही. बोटाएवढी, तपकिरी, लिबलिबीत. वाडीत तिला नागडी गोगलगाय म्हणत.

"घर नाय, दार नाय," सिप्रियन म्हणाला, "आणि जेवान फुकट. बरी आसा ही नोकरी."

"तुका पेन्शन गावता ती काय?" तेरेझा म्हणाली आणि मीठ आणायला आत गेली.

समुद्राकाठच्या माणसाला मिठाची काय कमी. जाड्या मिठाची चिमूट पडताच गोगलगायीला फेस आला आणि ती आक्रसली. तेरेझाला एवढं बरं वाटलं की उरलेल्या पाच रोपांभोवती तिने मुठीमुठीने मिठाची गोल रांगोळीच घातली. दुपारी सर आली. मीठ विरघळून मुळांशी गेलं. चार दिवसांत पाचातली दोन रोपं कडेने करपली आणि झोपली. मग तिने चुलीतली राख पसरली, ती पहिल्याच सरीत वाहून गेली. बाजारातल्या दुकानदाराने निळ्या विषारी दाण्यांची पुडी दिली, ती तिने न फोडता परत केली, कारण हौसाबाईच्या कोंबड्या दिवसभर तिच्याच परसात चरायच्या. तेवढ्यात आणखी एक रोप गेलं.

उरली दोन. बाटली रिकामी. फळीवर काही नाही. आणि रोज सकाळी गडग्यापलीकडून हाक यायची.

"काय गो तेरेझा, तवशाक फूल इला?"

"येतला, काकी, येतला."

एवढं बोलून ती आत पळायची. हौसाबाई ऐंशीच्या पुढची. डोळ्यांनी धड दिसत नसलं तरी पावलांचा आवाज तिला बरोबर कळायचा.

"बाजारात ढीगभर तवशी गावतत," सिप्रियन म्हणाला. "एक आणून बांधूया."

"बाजारातला तवसा घेवन तू काकीक तोंड दाखवतलंस?"

सिप्रियनने बाजाराची पिशवी परत खुंटीला अडकवली. त्याला नसतं दाखवता आलं.

आठवडाभर असं चाललं. मग एका सकाळी काठी टेकत टेकत हौसाबाई गडग्याच्या खिंडीतून स्वतःच आली आणि सरळ आळ्याशी जाऊन उभी राहिली.

"काकी, पाय घसरात," तेरेझा धावत आली.

"माजे पाय जाग्यार आसत. तू कित्याक पळतंस रोज ता सांग."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तेरेझाने सांगून टाकलं. नऊ रोपं आली होती, दोन आहेत.

"आणि बाटलेत?"

"बाटलेत काय नाय, काकी. सगळा बी घातलंय."

हौसाबाई वाकून रोपं चाचपू लागली. चाळीस वर्षं सांभाळलेली दुसऱ्याची वस्तू हातून जावी, आणि ती वस्तू अशी की पैसे टाकून परत मिळत नाही. तेरेझा पदराचं टोक पिळत राहिली. हौसाबाईने मात्र काठीचं टोक एका सोडणाखाली घातलं आणि सोडण उलटं केलं.

खाली बिऱ्हाडच होतं. मोठ्या, लहान, एकमेकींना चिकटून झोपलेल्या वीस-पंचवीस तरी असतील. कोपऱ्यात साबुदाण्यासारखी अंडी.

"ह्यां बघ," हौसाबाई म्हणाली. "तू तेंका घर बांधून दिलंस. वर छप्पर, खाली ओलावो, आणि जेवान दारात. पावण्यांची इतकी सोय माजी सून पण करणा नाय."

"घरपट्टी लावया तेंका," व्हरांड्यातून सिप्रियन म्हणाला.

"तू खाली ये आधी," हौसाबाई म्हणाली. "तुजा पण काम आसा."

तिने सांगितलेलं काम साधं होतं. सगळी सोडणं उचलून लांब टाकायची, अंडी चुलीत. फक्त चार सोडणं ठेवायची, रोपांपासून दोन हातांवर, पालथी. रात्रभर गोगलगायी कुठेही फिरोत, उजाडताना झोपायला सोडणाखालीच येणार. तेव्हा चिमट्याने उचलायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या.

"मीठ डब्यात," ती म्हणाली. "झाडाक नाय. माणसाच्या जेवणात मीठ घालतत, अंथरुणात घालणत नाय."

"होय, काकी."

"आणि माडी होयी. आंबलेली. करवंटेत घालून काठापर्यंत मातयेत पुरायची. वास सुटलो काय ती धावत येतत आणि बुडान मरतत."

"धावत?" सिप्रियनने विचारलं.

"तेंच्या मानान."

माडी म्हटल्यावर सिप्रियनचा चेहरा उतरला. माडी काढणारा शिवा रेंदेर रोज सकाळी माड उतरला की त्याच्यासाठी एक बाटली गडग्यावर ठेवून जायचा. निवृत्तीनंतर त्याने स्वतःला लावून घेतलेलं तेवढंच एक सुख.

"माजी माडी?"

"तुजी," तेरेझा म्हणाली.

"किती दिवस?"

"चवथीपर्यंत."

दुसऱ्या सकाळी, अजून झुंजूमुंजू असताना, तेरेझा डबा आणि चिमटा घेऊन गेली. चार सोडणांखाली एकेचाळीस निघाल्या. करवंट्यांत अकरा पडल्या होत्या, सुखाने पसरलेल्या. सिप्रियन वाकून बघत राहिला.

"बरा मरान आसा," तो म्हणाला.

"तुका पण असाच येतला. हात चालव."

पुढल्या दिवशी तीस, मग एकोणीस. पंधरवड्याने सोडण उचललं तर खाली दोन-तीन. हौसाबाई गडग्यापलीकडून आकडा विचारायची आणि आकडा खाली गेला की "बरा" एवढंच म्हणायची. तेरेझा आता आत पळत नव्हती. उलट हाक यायच्या आधीच गडग्याशी जाऊन उभी राहायची. रोपांनी तिसरं पान काढलं, चौथं काढलं, आधाराला तणावे फेकले. वादळी वाऱ्यात एक वेल मुळाशीच मोडली, ती काही नागड्या गोगलगायीची करणी नव्हती. दुसरी मांडवावर चढली.

पण पाऊस फुलं झोडपत राहिला. ऑगस्ट सरता सरता त्या एका वेलीवर दोनच तवशी धरली. एक मोठं, एक धाकटं. तिसरं काही धरेना.

आणि यंदा चवथ आणि सायबिणीचं फेस्त लागोपाठच्या दिवशी आलं होतं. एक तवसं माटवीला, एक वेदीपुढे. मग बियाला काय?

"थोरला बियाक ठेव," सिप्रियन म्हणाला. "धाकला काकीक. सायबिणीक आमी मेणबत्ती लावया. ती समजान घेतली."

"काकीक कायम पयला दिलंय."

"मग काकीक दोनय दी आणि मोकळी हो."

त्याला असं तोडून बोलायची सवय नव्हती. तिच्या काळजीने तोही कंटाळला होता. तेरेझाने चवथीच्या आदल्या सकाळी ठरवलं, आणि सुरी घेऊन मांडवाखाली गेली. पहिलं तवसं पहिल्यासारखंच जाईल. बी गेलं तर गेलं, पण दिलेला रिवाज आपल्या हातून मोडायचा नाही.

वर बघितलं आणि तिचा हात थांबला. मोठ्या तवशावर देठापासून टोकापर्यंत ती चकचकीत रेघ होती.

तिने तवसं दोन्ही हातांत धरून फिरवलं. एका बाजूने. दुसऱ्या बाजूने. अंगठ्याने पुसत पुसत पाहिलं. भोक नव्हतं, खरवडलेलं नव्हतं. रेघ तवशावरून उतरून मांडवाच्या खांबावर गेली होती, खांबावरून खाली, आणि मातीवरून वळण घेत थेट करवंटीत. आत ती एकटी बुडून पडली होती. दारात जेवण असताना ते सोडून ती माडीकडे उतरली होती. तेरेझा तिथेच चिखलात उकिडवी बसली आणि किती तरी वेळाने तिने पोटभर श्वास घेतला.

हौसाबाईच्या पडवीत माटवी बांधायचं काम चाललं होतं. तिचा मुलगा दत्ताराम स्टुलावर चढून सुंभाने कवंडळं बांधत होता. तेरेझाने तवसं म्हातारीच्या मांडीवर ठेवलं.

"पयला," ती म्हणाली. "धाकला सायबिणीक. आता वेलीर काय नाय, काकी. बियाक रवला नाय."

हौसाबाईने तवशावरून हात फिरवला, देठाशी अंगठा दाबून पाहिला, टिचकी मारून कानाशी धरलं.

"बी भरला आसा," ती म्हणाली. "आणि माटवेतला तवसा कोण कापता आजच?"

"पण पाचव्या दिसा पोरां खातत मा?"

"दरवर्सा खातत. यंदा खावची नाय. पाच दिस हंयच पिकाक लागतला. हंय नागडी गोगलगाय चढाची नाय, वांदर येवचो नाय. आणि राखणदार खाली बसलेलो आसा, तो काय हलाचो नाय." तिने तवसं वर केलं. "दत्ताराम, घट बांध रे. ह्यां तेरेझाचा बी आसा. पडला तर गणपती माका विचारतलो नाय, ही विचारतली."

तेरेझा हसली. दोन महिन्यांत ती अशी हसली नव्हती. घरी येताना खिंडीतली पायरी कधी ओलांडली तेसुद्धा तिला कळलं नाही.

धाकटं तवसं फेस्ताला वेदीपुढे फुलांच्या राशीत बसलं. पाचव्या दिवशी गणपती गेले आणि दत्ताराम ओल्या कपड्यांनीच मोठं तवसं घेऊन आला. ते देठाकडून पिवळं धमक झालं होतं. तेरेझाने ते स्वयंपाकघरात आढ्याला आणखी दहा दिवस टांगलं, तांबूस होईतो. मग कापलं, गर पाण्यात चोळला, वर तरंगलेल्या पोकळ बिया टाकून दिल्या. तळाला बसलेल्या बिया सुपात पसरल्या तर सूप भरलं.

वाळल्यावर तिने राख घालून दोन बाटल्या भरल्या. एक फळीवर ठेवली. दुसरी घेऊन ती गडग्याशी गेली.

"ही तुमची, काकी. आता एका घरात ठेवचा नाय."

"ह्या वयात माका शेतकाम लावतंस," हौसाबाई म्हणाली, पण बाटली तिने दोन्ही हातांनी घेतली आणि पदराखाली धरली. "सोडणां मात्र लावचंय नाय हां मी."

व्हरांड्यात सिप्रियन शिवाची बाटली उघडून बसला होता. चवथ होऊन तीन आठवडे झाले होते, त्याच्या सुखाला आता कुणाची आडकाठी नव्हती. त्याने पेला भरला. मग कठड्यावर पालथी पडलेली एक करवंटी सरळ केली आणि तिच्यातही दोन थेंब ओतले.

"ता कोणाक?" तेरेझाने विचारलं.

"तेंच्या वाट्याचा," तो म्हणाला. "सवय झाली तेंका पण."

तिने करवंटी उचलली आणि वेलीच्या रिकाम्या आळ्यात नेऊन ठेवली.