परीक्षेत नसलेली भाषा

मी अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका प्राथमिक शाळेतलं टेबल बोलतोय. घेवड्याच्या दाण्यासारखा माझा आकार. आतल्या खळग्यात बाई बसतात, बाहेरच्या अंगाला मुलं. भुसा दाबून मला घडवलं आणि वर पिवळा सनमायका चिकटवला, त्यामुळे लाकडाचा मोठेपणा मी सांगत नाही.

गावात मांसाचा कारखाना आहे. तिथे कामाला दूरदूरची माणसं येतात आणि त्यांची मुलं माझ्याकडे. नव्या मुलाची पहिली परीक्षा माझ्यावरच व्हायची. नियम असा, की आधी इंग्रजीत विचारायचं, नाही जमलं तर स्पॅनिशमध्ये. तिसरी भाषा नियमाला ठाऊक नव्हती. मला सगळ्या कळत. माझी परीक्षा कोणी घेतली नव्हती ना!

एका हिवाळ्यात एवुल आली. सात वर्षांची, ग्वाटेमालाच्या डोंगरातली. तिच्या घरी कान्होबाल नावाची तिकडची भाषा बोलत. वर्गाच्या कोवारिक बाईंनी चित्रं दाखवून इंग्रजीत विचारलं, दुभाषी इदालियाबाईंनी स्पॅनिशमध्ये. एवुल गप्प. ओठांतल्या ओठांत मात्र ती प्रत्येक चित्राचं नाव घेत होती. मी जवळ होतो, मला ऐकू आलं. पुन्हा परीक्षा झाली, पुन्हा तेच. पोर मंद आहे, तिला विशेष वर्गात घालावं, असं ठरत आलं.

आईवडिलांना बोलावलं. बाप पालास रात्रपाळी करून थेट आला होता, डोळे तांबारलेले. आई मातालच्या पाठीशी तान्हं बांधलेलं. मुख्याध्यापक हॅस्केल समजावून सांगत होते, इदालियाबाई स्पॅनिशमध्ये सांगत होत्या आणि पालास प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत होता.

इदालियाबाई मध्येच थांबल्या. "पालासदादा, मुलीला त्या वर्गात घालायचं?"

"हो."

"की नाही घालायचं?"

"हो."

इदालियाबाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, हे मला हो म्हणत नाहीयेत. साहेबाला हो म्हणतायत. मळ्यावर मालकापुढे शिकलेलं स्पॅनिश आहे ते. यांना समजलं म्हणून मी सही करणार नाही."

"नियमात दोनच भाषा आहेत, बाई," हॅस्केल म्हणाले.

"मग नियमालाच बसवा माझ्या खुर्चीत."

हॅस्केल चिडले खरे, पण माणूस वाईट नव्हता. आठवडाभराने त्यांनी कॅलिफोर्नियातला दोमिंगो नावाचा कान्होबाल दुभाषी फोनवर मिळवला. फोन माझ्यावर ठेवला आणि आईवडिलांसमोर परीक्षा तिसऱ्यांदा झाली. एवुलने चित्रं भराभर ओळखली. गाईच्या चित्रापाशी मात्र अडली आणि तिने उलट विचारलं, "पण ही गाय आहे कोणाची?" फोनमधून दोमिंगोचं हसू आलं. विशेष वर्गाचा विषय तिथेच संपला.

निघताना हॅस्केल आपुलकीने म्हणाले, "आता घरीही इंग्रजीच बोला तिच्याशी. लवकर पुढे जाईल." दोमिंगोने ते सांगितलं. पालास "हो" म्हणाला, आणि या वेळी त्याला सगळं समजलं होतं.

त्याने शब्द पाळला. कारखान्यात उचललेलं मोडकंतोडकं इंग्रजी तो घरी बोलू लागला. मातालला तेही येत नव्हतं. ती पोरीशी कमी बोलू लागली.

दोन वर्षांनी पालकसभेला मायलेकी माझ्यापाशी बसल्या, दोमिंगो फोनवर होता. कोवारिक बाईंनी एवुलचं तोंडभरून कौतुक केलं. मातालने लेकीला आपल्या भाषेत विचारलं, "काय गं, काय म्हणतात बाई?"

एवुलने इंग्रजीत उत्तर दिलं. लांबलचक, न अडखळता, बाईंकडे बघत.

माताल माझ्यावरच्या फोनकडे वाकली.

"दोमिंगोभाऊ, माझी लेक काय म्हणाली?"



यंदा शाळेने चाकांची नवी टेबलं आणली. मी बॉयलरच्या खोलीबाहेर उभा आहे, माझ्यावर रंगाचे डबे ठेवतात. तक्रार नाही, टेबलाचं असंच व्हायचं. कोणत्या मुलाला कोणत्या भाषेत शिकवायचं, ते तुम्ही माणसं ठरवा. फक्त ठरवायला बसाल तेव्हा त्याच्या आईलाही एक खुर्ची द्या, आणि ती काय म्हणते ते कळेपर्यंत उठू नका.