सरसाचा वास

फौजदाराने दाराच्या फटीला नाक लावलं आणि झटक्यात मागे घेतलं.

"किती दिवस म्हणालात?"

"तीन. फोन बंद. शेजारी म्हणतात दिवा दिसतो, पण कितीही हाका मारा, ओ नाही."

आक्का जिन्याचा कठडा धरून सांगत होती. आत तिचा धाकटा भाऊ राहायचा. एकटा, पुस्तकं बांधणारा. चार वर्षांपूर्वी तिने वडिलांची पुस्तकं रद्दीत घातली, तेव्हा तो म्हणाला होता, माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. तिनेही टाकलं नव्हतं. आणि आता हा वास.

"साहेब, वॉरंट?" शिपायाने हळूच विचारलं.

"आत कुणाचा जीव जात असेल तर कागदाची वाट बघायची नसते. लाव खांदा."

तिसऱ्या धक्क्याला कडी निखळली.

टेबलाशी बाइंडर उभा होता. त्याने एक हात वर केला, थांबा म्हणून. दुसऱ्या हाताचा अंगठा सुट्या पानांच्या थप्पीवर फिरतच राहिला.

"आठशे दोन, आठशे तीन, आठशे चार." मग त्याने मान वर केली. "मधे बोललं की पहिल्यापासून मोजावं लागतं. काय झालं? कोण गेलं?"

आक्का पायरीवर बसली. आलेलं रडू हसू होऊनच बाहेर पडलं.

"तूच, मुडद्या! अख्ख्या जिन्याला वास सुटलाय!"

"कसला वास?"

कोपऱ्यात सरसाचं भांडं होतं. कातड्यापासून केलेला तो चिकट सरस उकाड्याने केव्हाच नासला होता. तीस वर्षं त्याच्याच शेजारी राहिलेल्या नाकाला पत्ता नव्हता.

शिपाई आतल्या खोलीकडे वळला. फौजदाराने त्याचा दंड धरला.

"कुठे निघालास? माणूस धडधाकट आहे, आपलं काम झालं. आता पुढे जायचं तर कागद हवा, नाहीतर यांची परवानगी."

आक्का उठून उंबऱ्याशी आली होती. ते ऐकून तिने उचललेलं पाऊल हलकेच मागे घेतलं.

बुटांचा आवाज जिना उतरून गेला. बाइंडर तिच्या पावलाकडे बघत राहिला, मग लोंबणाऱ्या कडीकडे.

"दार तर मोडलंतच. आता थांबलीस कशाला?"

"तूच म्हणाला होतास ना..."

"ये गं, आक्का."

आत येताच ती नाकाला रुमाल लावून तडक खिडकीकडे गेली.

"उघडू नको! पानं उडतील. तीन दिवस जुळवतोय."

आक्का वळली. टेबलाशी येऊन तिने दोन्ही तळवे थप्पीवर ठेवले, झोपेत दचकणाऱ्या बाळाच्या छातीवर ठेवावेत तसे.

बाइंडर त्या हातांकडे क्षणभर बघत राहिला. मग त्याने स्वतःच जाऊन खिडकी उघडली.