तिसऱ्यांदा आवाज आला नाही

पहिला आवाज

नोएमीने कापसाच्या बोळ्यावर यंत्राचं तोंड टेकवलं आणि कळ दाबली.

टक्.

खुर्चीतल्या अबायुबा काकांनी दोन्ही हात छातीशी घेतले.

"एवढंच?"

"एवढंच. सुई नाही. औषधाची बारीक चिळकांडी, सरळ हिरडीत."

काकांनी बोळा उचलून पाहिला, उलटा करून पाहिला. मधोमध ओला ठिपका. ताक्वारेम्बोच्या कुरणांवर चाळीस वर्षं त्यांनी गुरांना लसी टोचल्या होत्या. आणि अकरा वर्षांपूर्वी याच खुर्चीवरून, सुई दिसताच, गळ्यात बांधलेल्या कागदी रुमालासकट ते रस्त्यावर पळाले होते. तेव्हापासून प्रत्येक घास उजवीकडे. डावीकडची खालची दाढ आता कुजली होती, महिन्यात दोनदा गाल सुजला होता. आजही उठलो तर पुन्हा येणार नाही, असं त्यांनी बायकोला, ओदिलाला, दारातच सांगून टाकलं होतं.

"यंत्र पुरलं नाही तर मला दुसरा उपाय करावा लागेल," नोएमी म्हणाली. "करताना सांगू?"

"कसला उपाय?"

तिची नजर मागच्या खणाकडे गेली. काकांना कळलं.

"नको सांगूस. मी गाईंना कुठं सांगायचो?"

दुसरा आवाज

टक्.

या वेळी हिरडीवर. काकांचे बूट उडाले आणि खाली आले.

"ओरडलो का गं मी?"

"नाही. बूट ओरडले."

औषध चढेपर्यंत थांबायचं होतं. काकांची जीभ सैल सुटली.

"तू तुझ्या बापाच्या कुंपणावर बसून बघायचीस. आठवतंय? सुई पाठीमागे लपवायची. दुसरा हात गाईच्या कानामागे. खाजवत राहायचं. डोळे मिटले की टोचायचं. तिला पत्ताच लागत नाही, पोरी. चाळीस वर्षांत एकीलाही लागला नाही."

"एकीलाही?"

"एकीलाही."

नोएमीने दाढेवर हलकेच टिचकी मारली. काकांच्या भुवया वर गेल्या. हिरडी बधिर झाली होती. खालचं हाड जाड, दाढेच्या मुळांपर्यंत औषध पोचलं नव्हतं. हे तिला सकाळपासून वाटतच होतं.

"दुखलं?"

"दाढेला दुखलं. मला नाही," काका म्हणाले आणि त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

तिसऱ्यांदा

मागचा खण उघडला. बंद झाला.

"तोंड मोठं उघडा, काका. आणि ती शिंगमोडी गाय कुणाची होती हो? आमची की शेजारच्या सोसांची?"

उघड्या तोंडाने काकांना उत्तर देता येईना. नोएमीचा डावा हात त्यांच्या डोक्याखालून गेला, कानामागे थांबला आणि तिथे सावकाश खाजवू लागला.

काकांची नजर छतावर होती. छतावर पाण्याचा एक जुना डाग होता. त्यांनी तो पाहिला. तिचा उजवा हात कुठे आहे, हे पाहिलं नाही. बुटांची टोकं ताठ झाली. कानामागचं बोट थांबलं नाही.

मग त्यांनी आपणहून डोळे मिटले आणि जबडा आणखी थोडा उघडला.

आवाज आला नाही.

नंतर

दाढ वाटीत पडली तेव्हा मात्र टण्णकन आवाज झाला.

बाहेर ओदिला काखेत थर्मास आणि हातात नळीचा पेला धरून बसली होती. "आज गरम काही नाही, माते चहासुद्धा नाही," नोएमीने बजावलं.

"म्हणजे सगळा मला," ओदिला म्हणाली आणि नळीने एक लांब घुटका ओढला. "पळाले नाहीत ना?"

"बूट तेवढे पळायला निघाले होते."

काकांनी टोपी घातली. नोएमी काही सांगणार होती, पण काकांनी तिच्या डोक्यावर थोपटलं आणि ते बाहेर पडले.

पायरीवर ते थबकले.

"ओदिला, त्यांना कळायचं."

"कुणाला?"

"गाईंना. सगळ्यांना."

"काहीतरीच! कळायचं तर पळाल्या का नाहीत?"

कानामागची ती जागा काकांनी बोटाने जराशी चाचपली, आणि अर्ध्याच तोंडाने, कारण दुसरं अर्धं अजून त्यांचं नव्हतं, ते हसले.