टेबलाची नोकरी

पोराला किंवा पोरीला टेबलाची नोकरी लागली की आपण सुटलो, असं आपल्याकडं अजूनही समजतात. कळंबच्या एका डाळमिलमधले कारकून शिवप्रसाद त्यातलेच. आलेल्या तुरीची प्रत बघायची आणि पावती लिहायची, एवढं त्यांचं बावीस वर्षांचं काम. पण हमालांपुढून जाताना त्यांची मान जरा जास्तच ताठ व्हायची.

मुलगी निकिता दहावी झाली आणि आयटीआयला जाऊन वायरमन होते म्हणाली. शिवप्रसादांच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीच्या हातात पक्कड? पाहुणेरावळे काय म्हणतील! तिनं परस्पर प्रवेश घेऊ नये म्हणून त्यांनी तिचा शाळेचा दाखला आणि गुणपत्रिका ऑफिसच्या टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवली, आणि तीन दिवस अणदूरला खंडोबाला गेले. मुदत टळली की पोरगी गप बसेल, असा त्यांचा हिशेब होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते कामावर आले, तर टेबल जागेवर नव्हतं.

भिंतीला लागून कपाटाएवढं यंत्र उभं होतं. तूर तेच तोलत होतं, प्रत तेच ठरवत होतं, पावती शेतकऱ्याच्या मोबाइलवर जात होती. मालक आण्णासाहेबांनी शांतपणे सांगितलं की, तुमचा फोन लागला नाही, तिन्ही कारकून कमी केलेत, पोती उचलायची तयारी असेल तर उद्या या. आणि टेबल? ते सकाळीच भंगारात गेलं.

शिवप्रसाद टेबलाच्या रिकाम्या जागेपाशी धावले. नोकरी गेल्याचं दुःख मागं राहिलं. आधी आठवला तो दाखला. आपल्याच हातानं आपण पोरीचं वाटोळं केलं!

तेवढ्यात झाडणाऱ्या गिरिजाबाई जवळ आल्या. बावीस वर्षं ते त्यांना ‘ए बाई’ म्हणूनच हाक मारत होते. त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी पुढं केली. भंगारवाल्यानं खण फोडून कागद फेकले, तेव्हा दाखल्याला टाचलेला निकिताचा फोटो ओळखून त्यांनी ते उचलून ठेवले होते. कागद खणात का होते, हे शिवप्रसादांनी खालमानेनं सांगितलं.

“साहेब, माझा झाडू ऱ्हायला, कारण माझ्यापेक्षा स्वस्त मशीन मिळत न्हाय,” गिरिजाबाई म्हणाल्या. “ह्याला नशीब म्हणू नका. वरचं काम ऱ्हायलं, खालचं ऱ्हायलं, मधलं गेलं. काल मशीन बंद पडली, तर लातूरवरनं एक पोरगी आली दुरुस्तीला. पक्कड घिऊन. मालकानं उठून सवताची खुर्ची दिली तिला. तुमच्या लेकीला कुठं बसवायचं, ते तुमीच बघा.”

शिवप्रसाद निघाले. निकिताला फोन केला आणि साडेचारला दोघं आयटीआयच्या खिडकीपाशी उभे राहिले. अर्ज आत गेला. निकितानं हळूच विचारलं, “बाबा, आज कामावर न्हाय गेलात?” त्यांनी सगळं सांगितलं. कुलपाचंही. त्यांच्या हातातली पिशवी तिनं आपल्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवसापासून ते पोती उचलू लागले. लातूरची ती मुलगी पुन्हा आली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत ते तिच्यामागं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, ही मशीन चालवायची कशी, मला शिकवता का?”

मंडळी, कामं बदलताहेत, आणि ती आपल्याला विचारून बदलत नाहीत. हाताच्या कामाला हलकं मानून आपणही पोरांची वाट कुठल्यातरी खणात बंद केली असेल, तर किल्ली आजच काढा. सगळ्यांनाच गिरिजाबाई भेटत नाहीत.