बारा कोंबड्यांचा स्मोकर

घड्याळजींनी जेवता जेवता जाहीर केलं, "मी घरी स्मोकर आणतोय."

त्यांची बायको इस्पितळात नर्स. तिचा घास हातातच राहिला. "अहो, तुमची सिगारेट सुटायला सहा वर्षं लागली. आता दुसऱ्या कुणाला आणून बसवताय?"

"अगं, माणूस नाही! कोळशाचा स्मोकर. मंद धुरात पाच-पाच तास कोंबडी शिजते त्यात." त्यांच्या दुकानाशेजारच्या चष्मेवाल्याने डब्यातला एक तुकडा दुपारी त्यांना खायला दिला होता, आणि तेव्हापासून दुरुस्तीला आलेल्या एकाही घड्याळात त्यांचं लक्ष लागलं नव्हतं.

बाजारातल्या दुकानात तीन स्मोकर होते. एक बादलीएवढा, एक पिंपाएवढा, आणि तिसऱ्यात माणूस गुडघे पोटाशी घेऊन खुशाल झोपला असता.

"नवीन आहात ना? मग मोठाच घ्या," दुकानदार म्हणाला. "बारा कोंबड्या मावतात. लहान घेणारे पस्तावतात."

घरात सासूबाई धरून माणसं तीन, हे घड्याळजींना त्या क्षणी आठवलं नाही. स्मोकर फाटकातून आत जाईना, तेव्हा चौघांनी तो भिंतीवरून परसात उतरवला.

पहिल्या रविवारी त्यात एकच कोंबडी बसली, रिकाम्या नाटकगृहात एकटा प्रेक्षक बसावा तशी. घड्याळजींनी दहा किलोंचं पोतं निम्मं ओतून सगळे कोळसे एकदम पेटवले, हवेच्या झडपा सताड उघड्या ठेवल्या आणि दर पाच मिनिटांनी झाकण उचलून आत डोकावू लागले. धंद्याची सवय! झाकण उघडलं की ऊब पळायची, ऊब पळाली की हे आणखी कोळसा घालायचे. दुपारपर्यंत पोतं संपलं. कोंबडी बाहेरून काळीठिक्कर आणि आतून कच्ची.

दुसऱ्या रविवारी दोन पोती गेली.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे ऐकून होते," बायको म्हणाली. "पण मसाला निदान पोटात तरी जातो. हे बारा आणे शेजाऱ्यांच्या नाकात गेले."

सासूबाई मागच्या दारातल्या खुर्चीवरून सगळं बघत होत्या. त्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांना कोळशाची इस्त्री करून संसार चालवला होता. जावयाच्या कामात तोंड घालायचं नाही, असा त्यांचा नियम होता. तिसऱ्या रविवारी जावयाने पेटत्या कोळशांवर आणखी पाटीभर ओतायला घेतले, तेव्हा तो नियम मोडला.

"जावईबापू, सरा बाजूला."

"आई, हे इस्त्रीसारखं नसतं. यात तापमान..."

"आपण कशात जळतोय, हे कोळशाला ठाऊक नसतं."

त्यांनी सगळा विस्तव काढायला लावला. आत विटा रचून कोळशाची जागा निम्मी केली, थंड कोळशांचा ढीग लावला आणि वर फक्त पाच-सहा निखारे ठेवले. "एकाने दुसऱ्याला पेटवू दे. घाई कुणाला आहे?" वरची झडप उघडी, खालची जेमतेम बोटभर. मग खुर्ची तिथेच ओढून, मांडीवर चिमटा घेऊन त्या बसल्या. घड्याळजींचा हात तीनदा झाकणाकडे गेला आणि तिन्ही वेळा चिमट्याचा प्रसाद घेऊन परत आला.

संध्याकाळी बायको ड्युटीवरून आली तेव्हा मांस हाडापासून आपोआप सुटत होतं. सासूबाईंनी दोन्ही झडपा गच्च लावल्या.

"आता हे काय?" घड्याळजींनी विचारलं.

"कोंडते. हवा मिळाली नाही की विझेल. उरलेला पुढच्या वेळी वापरा." मागचे दोन रविवार उरलेला कोळसा तसाच जळू देणाऱ्या घड्याळजींनी दोन्ही झडपा पुन्हा एकदा दाबून पाहिल्या.

सोमवारी सासू-जावई दोघं स्मोकरच्या दुकानात गेले.

"वापरलेला परत घेत नाही," दुकानदार म्हणाला.

"नका घेऊ," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या घरी माणसं किती?"

"चार."

"आणि तुम्ही कुठला वापरता?"

दुकानदाराची नजर नकळत बादलीएवढ्या स्मोकरकडे गेली. मोठ्याची किंमत विचारत उभं असलेलं जोडपंही तिकडेच बघू लागलं. पाच मिनिटांत अदलाबदल ठरली. किमतीच्या फरकातले थोडे पैसे दुकानदाराने कापून घेतले, पण फारसे नाहीत.

आता परसात लहान स्मोकर आहे आणि एक पोतं तीन रविवार पुरतं. कोळशाला ओल लागू नये म्हणून सासूबाईंनी पोतं आपल्या पलंगाखाली ठेवलंय. रविवारी सकाळी घड्याळजी पाटी घेऊन त्यांच्या दारात उभे राहतात.

"किती हवा?"

"चार किलो."

"तीन न्या."