विक्रीच्या घंटेचे चार टोल

मी एक जुनी काशाची घंटा आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. घंटेने आपले आयुष्य गोड आवाजात सांगावे अशी तुमची अपेक्षा असेल. पण माझ्यासमोर जे घडले ते गोड नव्हते, आणि ते गोड करून सांगायला मला जमत नाही.

माझा जन्म ओहायोतल्या एका ओतशाळेत झाला. तांबे आणि कथील वितळवून मला साच्यात ओतले, गार होऊ दिले, आणि मग एका म्हाताऱ्या कारागिराने लाकडी हातोडीने मला हलकेच ठोकून पाहिले. तो डोळे मिटून ऐकत होता. ज्या घंटेचा आवाज फाटका निघे, ती तो त्याच दिवशी पुन्हा भट्टीत टाकायला लावी. "फाटकी घंटा गिऱ्हाइकाच्या दारात जायची नाही," एवढेच तो म्हणे. हे त्याला कुठल्या कायद्याने शिकवले नव्हते.

तिथून मी विस्कॉन्सिनमधल्या एका खेड्यात आले, एका खोलीच्या शाळेवर. शाळेच्या बाईंचा नियम कडक होता. खरे कारण असल्याशिवाय माझ्या दोरीला कुणी हात लावायचा नाही. शाळा भरताना, सुटताना, कुणाच्या गोठ्याला आग लागली तर, आणि बर्फाच्या वादळात, पोरांना घराची वाट सापडावी म्हणून. इर्मा नावाच्या एका पोरीने गणिताचा तास लवकर संपावा म्हणून मला एकदा वाजवले होते. बाईंनी तिला आठवडाभर जळणाची लाकडे आणायला लावली. माझा टोल ऐकला की शेतातली माणसे हातातले काम टाकून मान वर करत. केवढा मान होता तो.

पुढे मोठ्या शाळा झाल्या, पिवळ्या बसगाड्या आल्या, आणि मी एका गोठ्यात गवताखाली जाऊन पडले. माझ्या पोटात उंदरांच्या कितीतरी पिढ्या जन्मल्या. मग एका लिलावात गाड्यांच्या दुकानदाराने मला उचलले, घासून लखलखीत केले आणि आपल्या शोरूममध्ये टांगले. नवी गाडी विकली गेली की घेणाऱ्याने दोरी ओढायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी त्याने प्रथा पाडली. मला बरे वाटले. कुणाच्या तरी घरी आनंद झाला आहे, हेही खरेच कारण होते.

तो दुकानदार म्हातारा होऊन गेला आणि दुकान त्याच्या मुलाकडे, कर्टकडे आले. मी जिथे टांगलेली आहे, तिथून एका बाजूला चकचकीत गाड्या दिसतात आणि दुसऱ्या बाजूला दुरुस्तीचे काउंटर. टाळ्या नेहमी एकाच बाजूला वाजतात. दुसऱ्या बाजूला काय चालते, हे माझ्याइतके कुणी पाहिलेले नाही.

एका ऑक्टोबरात मार्नी टेस्के आली. सोबत नवरा आणि पाच आठवड्यांची विनी. नवरा रंग बघत होता. मार्नी मात्र मागच्या सीटवर ओणवी होऊन बाळाच्या खुर्चीचा पट्टा ओढून बघत होती. एकदा, दोनदा, मग सही करून आल्यावर पुन्हा. दोरी तिने इतकी अलगद ओढली की मी जेमतेम किणकिणले. बाळ उठू नये म्हणून. इतक्या काळजीने मला कुणी कधी वाजवले नव्हते.

जानेवारीत ती परत आली, गाडी दुसऱ्या गाडीला बांधून. बाहेर उणे वीस. चौकात डावीकडे वळताना इंजिन एकाएकी बंद पडले होते, स्टिअरिंगचे चाक हातात दगडासारखे जड झाले होते, आणि समोरून येणारा दुधाचा टँकर दहा हातांवर कसाबसा थांबला होता. हे सांगताना ती विनीच्या टोपीचे बंद पुन्हा पुन्हा सोडत होती आणि बांधत होती.

काउंटरवर डेनी होता. डेनी वाईट माणूस नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण सगळा घोटाळा त्याच्या चांगुलपणातच आहे. त्याने गाडी आत घेतली. संध्याकाळी म्हणाला, "पोरांनी दोनदा फिरवून आणली. काही सापडलं नाही बुवा. थंडीनं झालं असेल."

"बरं. मग त्याचा काही कागद?" मार्नीने विचारले.

"कागदबिगद काय करायचाय, पोरी? पैसे घेतले नाहीत तर पावती कशाची फाडू? तुझ्या बापाबरोबर वीस वर्षं गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरलेत मी."

"नाही, मी आपलं विचारलं," ती म्हणाली. आपण काहीतरी आगाऊपणा केला असे तिलाच वाटले. डेनीने चीजच्या ताज्या तुकड्यांची पिशवी तिच्या हातात कोंबली. तिने आभार मानले. मित्रांनो, तिने आभार मानले.

मार्चमध्ये तेच झाले. तोच दोष, तसाच चौक. या वेळी इर्माने आपला ट्रॅक्टर लावून तिला ओढून आणले. हो, तीच इर्मा. आता पंचाहत्तरीची, स्वतःच्या गाई स्वतः सांभाळणारी. गाडी चार दिवस दुकानात राहिली. "काही सापडलं नाही बुवा." कागद नाही. जूनमध्ये पुन्हा. त्या वेळी तर मार्नीने डेनीसाठी घरच्या रुबार्बच्या आंबटगोड देठांच्या वड्या करून आणल्या होत्या. बिचारा पैसे घेत नाही, दरवेळी दुकानाची जुनी निळी गाडी वापरायला देतो, म्हणून. इथली माणसे अशीच आहेत. ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणे. कर्टला हे पक्के ठाऊक होते. कागद न देण्याचा हुकूम त्याचाच होता. डेनीने फक्त त्यावर साखर पेरली.

ऑगस्टमध्ये चौथी खेप झाली. माझ्या खालच्या खुर्चीवर बसून मार्नी विनीला पाजत होती, आणि एका हाताने गाडीच्या खणातली हमीची पुस्तिका चाळत होती. शेवटच्या पानांवर ती थांबली. आमच्याकडे कायदा आहे. नव्या गाडीतला एकच मोठा दोष पहिल्या वर्षात चार वेळा दुरुस्तीला देऊनही राहिला, तर कंपनीने गाडी बदलून द्यायची, नाहीतर पैसे परत करायचे. अशा गाडीला लोक लिंबू म्हणतात आणि कायद्यालाही तेच नाव पडले आहे. लिंबाने कुणाचे काय घोडे मारले, कोण जाणे. मार्नीने बोटांवर मोजले. चार. वर्ष भरायला अजून दीड महिना होता.

ती काउंटरवर गेली. "डेनी, मला चारही वेळचे कागद द्या."

डेनीने संगणकात बघितले. बघायची गरज नव्हती. "यात आजचीच नोंद दिसतेय."

"पण तुम्हीच तर गाडी घेतली होती. चारही वेळा तुम्हीच."

तेवढ्यात कर्ट आला. त्याचा आवाज नेहमी लोणी लावल्यासारखा असतो. "मिसेस टेस्के, नव्या आयांना जरा जास्तच भीती वाटते. झोप होत नाही ना. माझ्या बायकोचंही असंच झालं होतं. तुमच्याकडे कागद असतील तर दाखवा, आपण बघू."

मार्नी विनीला खांद्यावर घेऊन निघून गेली. मी मात्र आतून तापले होते. जिच्या लेकराच्या अंगावर टँकर येता येता राहिला, तिला हा माणूस झोपेचे सांगत होता. आणि मी गप्प लटकत होते, कारण दोरी कुणीतरी ओढल्याशिवाय मला बोलता येत नाही.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार आला. दुकानात मोठा सेल होता. बाहेर सॉसेज भाजत होते, आत डोनटची खोकी उघडी होती, अर्धे गाव लोटले होते. मार्नी आत आली, कडेवर विनी. ती सरळ माझ्याकडे आली आणि तिने दोरी ओढली. या वेळी हळू नाही.

सगळ्यांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. हातात सॉसेज असलेल्यांनीसुद्धा.

"अभिनंदन," कुणीतरी म्हणाले. "कुठली घेतलीस?"

"घेतली नाही. परत आणली," मार्नी म्हणाली. "जानेवारीत. विनी पहिल्यांदा खळखळून हसली त्या आठवड्यात. चौकात बंद पडली. कागद नाही." आणि तिने दुसरा टोल दिला. "मार्चमध्ये. विनी बसायला लागली तेव्हा. तोच दोष. कागद नाही."

कर्ट गर्दीतून वाट काढत आला. "मिसेस टेस्के, ही घंटा गाडी घेतलेल्यांसाठी आहे."

"मी घेतलीच आहे ना. तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या." तिने दोरी पुन्हा ओढली. तिसरा टोल. "जूनमध्ये. पहिला दात." चौथा. "ऑगस्टमध्ये, धरून उभी राहिली तेव्हा. अजून तीच गाडी चालवतेय मी. या बाळाला मागे बसवून."

आता टाळ्या नव्हत्या. कर्ट लोकांकडे वळून हसला. "नोंद एकाच वेळेची आहे हो. बाकीच्या तीन खेपा बाईंच्या मनात आहेत."

"मार्चमधली तर माझ्या ट्रॅक्टरच्या मनातही आहे," मागून आवाज आला. इर्मा होती. सॉसेज संपवून ती बोटे पुसत पुढे आली. "मार्नी, त्या दिवशी तू घरी कशी गेलीस गं?"

"यांच्या निळ्या गाडीनं. दरवेळी तीच देतात."

"आणि सही घेतली?"

मार्नीने विनीला दुसऱ्या कडेवर घेतले. "घेतली. विम्यासाठी लागते म्हणाले."

"माझ्याकडून तर दोन घेतात, म्हातारी म्हणून. ती मोडकी गाडी सहीशिवाय फाटकाबाहेर जाऊ देत नाहीत." इर्मा काउंटरकडे वळली. "डेनी, ते कागद कुठल्या खणात ठेवतोस रे तू?"

डेनीचे कान लाल झाले. त्याने कर्टकडे पाहिले, मग खणाकडे, मग बराच वेळ आपल्या बुटांकडे.

"डावीकडच्या," तो म्हणाला.

"वा. आपली जुनी देताना सही, आणि तिची नवी घेताना पावती नाही. छान चाललंय."

"ते कागद दुकानाचे आहेत," कर्ट म्हणाला.

"सही माझी आहे," मार्नी म्हणाली. "मला फक्त झेरॉक्स द्या."

गिऱ्हाइके बघत होती. सही करायला बसलेले दोघेजण हातातली पेने टेबलावर ठेवून उभे राहिले होते. डेनीने खण उघडला. चार कागद निघाले, चार तारखांचे. निळी गाडी का दिली, या रकान्यात त्याच्याच वळणदार अक्षरात चारही वेळा लिहिले होते: स्वतःची गाडी दुरुस्तीला, इंजिन बंद पडते.

तुम्ही म्हणाल, डेनीने शेवटी खरे केले. केले. पण मला कर्टपेक्षा डेनीचाच राग जास्त येतो. कर्टपासून माणूस सावध तरी राहतो. डेनीला तर तिने वड्या करून आणल्या होत्या.

सोमवारी सकाळी कर्टने शिडी मागवली आणि माझा लोलक काढून टाकला. दोरीही काढली. तेव्हापासून मी नुसती शोभेला आहे. बोटाने ठोकले तर टक् असा आवाज येतो.

कंपनीने दोन पत्रे पाठवून नकार दिला. मार्नीने दोन्ही वेळा त्या चार कागदांसह उलट पत्र लिहिले. तिसऱ्या वेळी, तिने तक्रार नोंदवली आणि सुनावणीची तारीख लागली तेव्हा, कंपनीने गाडी परत घेऊन पैसे द्यायचे कबूल केले. नोव्हेंबरात ती किल्ल्या द्यायला आली. नवी गाडी तिने दुसऱ्या गावातून घेतली होती.

डेनीने किल्ल्या हातात घेतल्या. खाली बघत म्हणाला, "वडिलांना सांग, या हिवाळ्यात मासे धरायला..."

"आधी किल्ल्या मिळाल्याचा कागद द्या, डेनी," मार्नी म्हणाली.

त्याने लिहून दिला. तिने तो उभ्या उभ्या पूर्ण वाचला. तारीख राहिली होती, ती त्याच्याकडून घालून घेतली, आणि मग घडी करून विनीच्या दुपट्यांच्या पिशवीत ठेवला.

मित्रांनो, कायदा चांगला आहे. पण तो नुसता पुस्तिकेत झोपून राहतो. त्याला उठवायला तारीख लागते, सही लागते, आणि ती मागताना वाटणारी लाज गिळावी लागते. हसून बोलणारा माणूस कागद द्यायला टाळतो आहे, हे दिसले की त्याच्या हसण्याकडे बघू नका, त्याच्या हाताकडे बघा.

दर शनिवारी या दुकानात तुमच्यासारखी मुले येतात. माझ्याखाली उभी राहून दोरी शोधतात. दोरी नाही. त्यांचे आईबाबा पलीकडे सह्यांवर सह्या करत असतात आणि विक्रेता त्यांच्या पाठीवर थाप मारत असतो. मला तेव्हा काहीच करता येत नाही. तुम्हाला येते. जाऊन आईची बाही ओढा. ती नाही म्हणाली तरी ओढा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारा, "आई, आपला कागद कुठे आहे?"